पौनीकरांच्या खतातला नाग

लोक सकाळी पेपर वाचतात. आमच्या शेजारचे पौनीकर काका आमचा कचरा वाचायचे.

साडेसहाला फाटकाची कडी दोनदा वाजायची. बाहेर काका उभे. हातात सायकल, आणि सायकलला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे इतक्या बादल्या टांगलेल्या की मध्ये सायकल आहे हे त्यांच्या शब्दावर मानावं लागे. आमच्या लेआउटमधल्या अकरा घरांचा ओला कचरा ते असा रोज गोळा करायचे. बादली हातात घेतली की झाकण उचलून आत एकदा बघायचे आणि निकाल सांगायचे.

“काल पाहुणे होते वाटते.”

होते.

“वहिनीचा उपास होता. तुमचा नव्हता.”

नव्हता.

“चार दिवस झाले, सांबाराच्या काड्या दिसून नाही राहिल्या. भांडण झालं का जी?”

झालं होतं. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि आमची रेखा माझ्यावर रागावली की भाजीवर सांबार घालत नाही. सव्वीस वर्षं संसार केला मी तिच्यासोबत, पण हा नियम मला पौनीकर काकांकडून कळला.

एक मात्र सांगतो. एका घरचा कचरा त्यांनी दुसऱ्या घरी कधी नेला नाही. म्हणजे बादलीतून नेला, तोंडातून नाही. कोणाकडे कांदा बंद झाला, कोणाकडे आठ दिवस नुसती खिचडी शिजून राहिली, कोणाच्या सुनेनं माहेरी जायच्या आदल्या दिवशी काय फेकलं, सगळं त्या माणसाला ठाऊक. पण अकरा घरांची अंडीपिल्ली पोटात ठेवून काका मुके. माझं बरोबर उलट. मला कोणाचं काही माहीत नसतं आणि मी सगळ्यांना सगळं सांगत असतो. चौकातल्या पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो तेवढ्या वेळात मी एका मुंगीचा हत्ती करून, त्याला अंबारी चढवून, मिरवणूक काढून परत आणतो. लोक हसतात. त्या हसण्याची मला चटक आहे. पुढं जे झालं ते या चटकेपायी झालं, आणि मी आता सांगतोय ते मान खाली घालून.

काकांचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणत. मागाचे दिवस गेले तसे काका कोराडीच्या वीज केंद्रात लागले आणि राखेच्या विभागात तीस वर्षं काढली. “तीस साल राख पाह्यली भाऊ,” ते म्हणत, “आता उगवणारं काही पाहू द्या.” निवृत्त झाल्यावर त्यांनी घराला लागून असलेला रिकामा प्लॉट मालकाला फोनवर विचारून ताब्यात घेतला. मालक परदेशी, त्याला प्लॉट आहे हेच काकांच्या फोनवरून आठवलं.

तिथे त्यांनी वाफे केले. वांगी, चवळी, वालाच्या शेंगा, दोडकी. पण त्या वाफ्यांत माती म्हणून दिसायची नाही. वाटाण्याची टरफलं, नारळाच्या शेंड्या, केळीची वाळकी पानं, उसाच्या रसवाल्याकडची चिपाडं, असं जाड पांघरूण घातलेलं. मी एकदा विचारलं, काहून हो इतकं झाकता? तर म्हणाले, “विणकराचं पोर आहे मी. मले कोणाले उघडं पाहवत नाही. जमिनीले पण नाही.”

आणि कोपऱ्यात होता तो ढीग. छातीएवढा उंच. त्याला कोणी उकिरडा म्हटलं की काका दोन दिवस त्या घरची बादली उचलत नसत. ते त्याला ‘माग’ म्हणत. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर सुक्याचा, त्यावर पुन्हा ओल्याचा. “ताण्यात बाणा गेल्याबिगर कापड होते का जी?” पूर्वी सुताला भाताच्या पेजेची खळ लावत, तशी ते या ढिगाला रोज पेज शिंपडत. दर चार दिवसांनी कुदळ-फावडं घेऊन खालचं वर, वरचं खाली करत. मग एक मूठ उचलून नाकाशी नेत आणि म्हणत, “कच्चं आहे अजून.” हे त्यांचं आवडतं वाक्य. नवा नगरसेवक? कच्चा आहे. टीव्हीवरची मालिका? कच्ची आहे. ढोबळे वहिनींच्या जावयाला बघून आले तेव्हाही हेच म्हणाले, आणि ढोबळे वहिनी वर्षभर बोलल्या नाहीत. पुढं जावयानं जे दिवे लावले ते पाहून बोलायला लागल्या.

या मागात माझाही हात होता. मी लकडगंजात एका आरा गिरणीत मुनीम. दर शनिवारी लाकडाच्या भुशाचं पोतं स्कूटरवर घालून आणायचो. पोत्याला भोक होतं. शनिवारी संध्याकाळी माझ्या मागं अर्ध्या नागपूरला खोकला लागे. ते पोतं म्हणजे काकांचं सुकं. पोतं उतरवून घेताना काका म्हणायचे, भाऊ, या दसऱ्याले माल पिकते. प्रत्येक घरी दोन घमेली. ज्याच्या घरचं आलं त्याच्या घरी गेलं पाहिजे. दीड वर्षाचा ढीग होता तो. दसऱ्याचा दिवस काकांनी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला होता.

आता माझं पाप.

मला साखरेचा आजार आहे. घरात आंब्याला बंदी. उन्हाळ्यात रेखा एक दिवस बहिणीकडे पारशिवनीला गेली आणि मी गच्चीवर बसून सहा बैगनपल्ली संपवले. कोया रस्त्यात फेकल्या असत्या तर मी आज सभ्य माणूस राहिलो असतो. पण आळस. त्या बादलीच्या तळाशी घातल्या, वर चहाचा चोथा, वर कांद्याची सालं. खून करणारासुद्धा इतकं नीट पुरत नसेल.

सकाळी कडी वाजली. रेखा आदल्या रात्रीच परतली होती, ती माझ्या मागं उभी. फिरायला निघालेल्या ढोबळे वहिनी फाटकाशी थांबलेल्या. काकांनी झाकण उचललं, बादली जराशी तिरकी केली.

“सहा,” ते म्हणाले. मग आणखी वाकून पाहिलं. “एकाच माणसानं खाल्ले. चोखायची तऱ्हा एक आहे.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी कचरा वाचला, रोजच्यासारखा. मागं रेखा आहे हे त्यांना दिसलंही नसेल. पण नऊ वाजेपर्यंत ही गोष्ट लेआउटभर झाली, आणि संध्याकाळी पानठेल्यावर पोट्टे मला बघून सहा बोटं दाखवायला लागले. दुसऱ्यावर हसवणाऱ्या माणसावर लोक हसले की तो किती हलका होतो हे मला तेव्हा कळलं. मी डूक धरला.

पावसाळा लागला. गार सकाळी काकांच्या ढिगातून वाफ निघायची. आत कुजणं चालू असलं की ढीग तापतो, एवढंच. एका रविवारी पानठेल्यावर मी आवाज खाली आणून म्हटलं, पौनीकरच्या ढिगात नाग आहे गा. मी फूत्कार पाहिला.

पहिल्या दिवशी नाग दोन हातांचा होता. बुधवारी पाच हातांचा झाला आणि फण्यावर दहाचा आकडा आला. शनिवारी मी त्याला मिशा दिल्या. पुढच्या आठवड्यात तो चौकातल्या दुधवाल्याला स्वतः दिसला, त्यात माझा हात नव्हता. माझा इरादा एवढाच की दोन-चार घरं घाबरून बादल्या देणं बंद करतील, काका जरा नरम येतील, मग मी हसून सांगेन की गंमत केली.

पण गाव नागपूर आणि तोंडावर श्रावण. नागपंचमी आठ दिवसांवर होती, हे मी विसरलो.

पंचमीच्या दिवशी दुपारी मी लकडगंजातून परत आलो तर पौनीकरांच्या फाटकाबाहेर चपलांचा खच. आत साठेक बाया. आमच्याच नाही, रस्त्यापलीकडच्या लेआउटमधल्यासुद्धा. खरा नाग, तोही आपणहून वस्तीत आलेला, मग चित्राची पूजा कोण करतो? ढिगाला हळदीकुंकू लागलं होतं, हार चढले होते, उदबत्त्या खोचल्या होत्या आणि लाह्या उधळून वरून दूध ओतणं चालू होतं. वाट्यांनी, तांब्यांनी, एका बाईनं तर अख्खी कॅन. मी मोठं करून सांगत नाही, दुधाचा ओघळ वांग्यांच्या वाफ्यापर्यंत आला होता.

रेखा सगळ्यांत पुढं. ज्यानं नाग पाहिला त्याची बायको म्हणून तिला मान. मला बघताच ढोबळे वहिनी म्हणाल्या, हेच ते वं, यांनाच पहिलं दर्शन झालं. दोघीतिघी माझ्या पाया पडल्या. त्या पायांना त्या क्षणी पळावंसं वाटत होतं.

काका बायांच्या मागं सतरंजी अंथरत होते. स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी मला पाहिलं आणि सतरंजीचं दुसरं टोक ओढून सरळ केलं.

पंचमीला खणत नाहीत, चिरत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पंचमी सरली तरी त्या ढिगाला कुदळ लावू देईना कोणी. काका फावडं घेऊन निघाले की आसपासच्या घरांतून बाया धावत. “काका, देवाले लागन नं.” काका फावडं ठेवून देत. तीन आठवडे गेले. ढीग उलटला नाही, आत हवा गेली नाही, वरून दूध झिरपलेलं आणि श्रावणाची झिमझिम. खत करणारा कोणीही सांगेल, दूध हे खताचं विष. मग वास सुटला. असा सुटला की कोराडीहून राखेचे ट्रक आमच्या रस्त्यानं यायचे ते वळसा घालून जाऊ लागले. माश्या इतक्या की ताटातला भात कोणता आणि माशी कोणती हे चव घेऊन ठरवावं लागे.

मी त्या तीन आठवड्यांत कुठल्याही दिवशी चौकात उभा राहून म्हणू शकलो असतो, नाग नाही, मी थाप मारली, काकांना खणू द्या. एका वाक्याचं काम होतं. दोन वेळा उलटला असता तर ढीग वाचला असता. मी शनिवारी भुशाचं पोतं नेऊन देत होतो, काका ते बंद पोतं भिंतीशी रचत होते, आणि मी गप्प होतो. साठ बायांच्या हसण्याची भीती सहा कोयांपेक्षा मोठी होती.

शेवटी ज्या बायांनी दूध ओतलं त्यांनीच तक्रारीचा अर्ज काढला. अक्षर माझं चांगलं आणि भाषा झणझणीत, म्हणून ढोबळे वहिनींनी कागद माझ्यासमोर ठेवला. ‘सदर उकिरड्यामुळे’ अशी मी सुरुवात केली. हो, तोच शब्द. दहा घरांच्या सह्या झाल्या, पहिली माझी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्या दहाही घरांच्या बादल्या नेहमीसारख्या उचलल्या.

आठवड्यानं महापालिकेच्या झोन ऑफिसची गाडी, तिच्यात एक साहेब, आणि मागं जेसीबी आला. नाग असल्याचं ऐकून जेसीबीवाला खाली उतरून बसला. सर्पमित्राला बोलावल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाला. तोवर काका त्या साहेबांच्या मागं फिरत होते. वरचा थर तेवढा बिघडला आहे, खालचा माल पिकत आला आहे, मले दोन तास द्या, भुसा ठेवलेलाच आहे, आठ दिवसांत वास जाते. साहेब भले होते, पण त्यांच्या हातात दहा सह्यांचा अर्ज होता. माझ्या अक्षरातला.

सर्पमित्र आला. पंचविशीचा पोरगा, हातात आकडी. त्यानं ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “नाग पाहिला कोणी?”

सगळं लेआउट माझ्याकडं वळलं. माझी जीभ, जी नागाला मिशा देऊन आली होती, टाळ्याला चिकटली. रेखा माझ्याकडं बघत होती. सव्वीस वर्षांत तिला मी गप्प पहिल्यांदाच दिसत होतो.

“मी पाह्यला,” मागून पौनीकर काका म्हणाले. “आहे. म्हणजे होता.”

पोरानं ढीग उकरला. गांडुळं निघाली, बोटाएवढी जाड. नाग नाही. देव रागावून निघून गेले, असं ढोबळे वहिनी म्हणाल्या आणि सगळ्यांना ते पटलं. जेसीबीनं सोंड घातली. वरचा हातभर थर घाण होता, मग एकदम काळंभोर, भुसभुशीत खत दिसायला लागलं. काकांनी पुढं होऊन एक मूठ उचलली, नाकाशी नेली. या वेळी ‘कच्चं आहे’ म्हणाले नाहीत. गाडीच्या तीन खेपा झाल्या. एरवी मी तीस सांगितल्या असत्या. तीन होत्या.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची आणि आम्ही तिच्यात बादल्या रिकाम्या करायचो. आम्ही काय खाल्लं हे कोणी सांगेना.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा भुशाचं पोतं घेऊन गेलो. ढीग नव्हता, तरी नेलं. रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती. काकांनी आत बोलावलं. अकरा वर्षं शेजारी राहतो, पण बायको वारल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात मी शिरलो नव्हतो. बादलीचा व्यवहार फाटकावरच व्हायचा, त्यांच्याही आणि आमच्याही. त्यांनी चहा ठेवला. ओट्यावरच्या फळीवर कपबशा लावलेल्या होत्या, तरी त्यांनी मला चहा स्टीलच्या पेल्यात दिला.

मी एका दमात सगळं सांगितलं. आंबा, डूक, नाग, मिशा, अर्ज. तुम्ही माझी लाज राखायला चारचौघांत खोटं बोललात, असंही म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे वाढवून सांगत नाही.

काका पेल्यात फुंकर घालत ऐकत होते.

“तुमच्यासाठी नाही जी,” ते म्हणाले.

मला कळलं नाही.

“पंचमीच्या आदल्या दिवशी ढोबळे वहिनी आल्या होत्या. विचारे, काका, खरंच दर्शन होते का? मले मालूम होतं, नाही आहे. दर चार दिवसाले उलटतो मी तो माग. पण मी हो म्हटलं.” त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. “मालती गेली त्याले सहा वर्षं झाली. तिच्यामागं या घरात हळदीकुंकवाचं ताट आलं नाही. एकट्या माणसाच्या घरी बाया कायले येतील? म्हटलं, एक दिवस येतात तर येऊ द्या.”

“आणि दूध? दुधानं बिघडते हे तर तुम्हाला—”

“माहीत होतं.”

बाहेर वांग्यांच्या वाफ्यात जेसीबीच्या चाकाची खोल चाकोरी दिसत होती. तिच्यावर त्यांनी वाळकी पानं पसरून ठेवली होती.

“त्या दिवशी कोणीतरी माचीस शोधत आत आली,” काका म्हणाले. “मग दुसरी आली. कोणी चहा मांडला. साठ जणींचा चहा झाला या घरात. हसून राहिल्या, मोठ्यानं बोलून राहिल्या. जाताना कपबशा धुऊन लावून गेल्या.” त्यांनी मान फळीकडं वळवली. “मालती त्या खालच्या फळीवर ठेवे. यायनं वर ठेवल्या. मी अजून हात नाही लावला.”

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, मी आत्ता जातो, घरोघरी जाऊन खरं सांगतो, माफी मागतो, सगळे मिळून तुमचा माग पुन्हा उभा करू.

“माग मी करतो. तुम्ही भुसा द्या.” मग मला फाटकापर्यंत सोडायला आले. कडी काढली. “पण नागाचं कोणाले सांगू नका.”

म्हणून इथं लेआउटचं नाव लिहिलं नाही, आणि पौनीकर हे नावही त्यांचं नाही. मी मन मोकळं करायला गेलो होतो. थाप होती तशी पाठीवर घेऊन परत निघालो.

“भाऊ,” त्यांनी मागून विचारलं, “पुढच्या पंचमीले येतील नं बाया?”

“येतील,” मी म्हटलं. आयुष्यात इतकं थोडं मी कधी बोललो नव्हतो.